फळ्या, काठ्या आणि मामांची मूठ

देवाने सृष्टी घाईघाईत उरकली, वस्तूंना मुठी बसवायचं काम तेवढं राहून गेलं, आणि ते पुरं करण्यासाठी आपल्याला चिंचवडात जन्माला घातलं आहे, अशी माझ्या बायकोच्या मामांची ठाम समजूत आहे. नात्याने ते माझे मामेसासरे, पण सोसायटीच्या वॉचमनपासून दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ते मात्र मला 'जावईबापू' म्हणतात, 'अहो-जाहो' करतात, आणि इतक्या मानमरातबाने हाक मारून झाल्यावर माझ्या खांद्यावर सहा फुटी फळी ठेवतात. पस्तीस वर्षं त्यांनी भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत फिक्स्चर डिझाइन केली. यंत्रावर कामाचा तुकडा तसूभरही हलू न देणारी पकड म्हणजे फिक्स्चर. गंमत अशी की जन्मभर दुसऱ्या वस्तूंना जागच्या जागी धरून ठेवणारा हा माणूस स्वतः मात्र एका जागी दोन मिनिटं टिकत नाही. पंगतीत वरण येईपर्यंत ते तीनदा उठतात. फोन आला की चालायला लागतात, आणि लांबचा नातेवाईक असला तर बोलत बोलत चिंचवड स्टेशनपर्यंत जाऊन येतात. एकदा मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो होतो. आमचा नंबर येईपर्यंत त्यांनी खिशातला छोटा पेचकस काढून बाकाचे सगळे स्क्रू आवळले होते, वर शेजारच्या आजोबांना उठवून त्यांच्याखालचेही आवळले.

वस्तू कशी उचलली जाते, एवढं एकच त्यांना दिसतं. भाजी मंडईत त्यांची नजर भाजीकडे नसतेच, बायकांच्या बोटांकडे असते. पिशवीचे बंद बोटांत रुतून वळ उठलेले दिसले की ते अस्वस्थ होतात. ओळख ना देख, जाऊन सांगतात, "ताई, मनगट वाकतंय तुमचं." एकदा मार खाता खाता वाचले आहेत. शेवटी त्यांनी लाकडाची, मधे खोबण असलेली वीतभर मूठ बनवली, पिशवीचे बंद त्यात अडकवले की बोटांना काही होत नाही. आज त्यांच्या सोसायटीतल्या चाळीस घरांत ती मूठ आहे आणि मंडईतले भाजीवाले त्या बायकांना 'मुठीवाल्या' म्हणून ओळखतात. गॅसचा सिलिंडर दोघांनी मिळून उचलायचं जू त्यांनी केलं, आणि सोसायटीच्या गणपतीची मूर्ती चौघांनी उचलायची चार मुठींची पाटी केली. त्या वर्षी आरती अर्धा तास खोळंबली, कारण मामा मखरात पाणसळ ठेवून गणपती समपातळीत आहे का ते बघत होते. आमच्या रावेतच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गुरुजींनी "यजमान कुठे आहेत" म्हणून विचारलं, तेव्हा यजमान म्हणजे मी, मामांनी उचकटलेलं दाराचं हँडल धरून जिन्यात उभा होतो. ते चुकीच्या उंचीवर होतं म्हणे. आता बरोबर उंचीवर आहे, हे मान्य करायला मला तीन वर्षं लागली.

त्यांचा दुसरा हट्ट ड्रॉइंगचा. कुठलंही काम कागदावर आल्याशिवाय ते करत नाहीत, आणि कागदाच्या कोपऱ्यात तक्ता आखल्याशिवाय तो कागद त्यांना कागद वाटत नाही. त्या तक्त्यात रिव्हिजन क्रमांक, म्हणजे ड्रॉइंग कितव्यांदा बदललं तो आकडा, तारीख आणि बदलाचं कारण लिहिलेलं असतं. चाकणच्या ज्या कंपनीत ते होते, तिथे कोणीतरी कपाटातलं जुनं ड्रॉइंग काढून त्यावरून एक सबंध लॉट बनवला. मधल्या काळात भोकाची जागा दोन मिलिमीटरने सरकली होती. सगळा माल भंगारात गेला. त्यातला एक तुकडा मामांनी आणून टेबलावर ठेवला, तो अजून त्यांच्या घरी कागदांवर वजन म्हणून आहे. नवा माणूस आला की तो तुकडा त्याच्या हातात देऊन ते सांगायचे, "एक वेळ जेवायचं विसरा, पण रिव्हिजन बघायला विसरू नका." लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडायला गेलो, तेव्हा मलाही तो तुकडा हातात मिळाला होता.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने, आमच्या वैजूने, नेमक्या अशा देशात जाऊन राहावं जिथे माणसं पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरतात, हा योगच म्हणायचा. वैजू कॅनडात आहे. सुरुवातीची दोन वर्षं ती तिथे एकटी एकटी होती. मग ऑफिसातल्या लोकांबरोबर दर शनिवारी डोंगरावर स्कीइंगला जायला लागली आणि तिचा आवाज बदलला. व्हिडिओ कॉलवर ती बर्फाचं सांगायची, मामी "पडशील गं" म्हणायच्या, आणि मामा फोन हातात घेऊन घरभर फिरत असल्यामुळे वैजूला बहुतेक वेळ पंखा दिसायचा. गेल्या हिवाळ्यात ती गाडीतळावरून दोन्ही स्की आणि दोन्ही काठ्या काखेत धरून चालली होती. या स्की सहज हातात बसत नाहीत. एकीवर एक ठेवल्या तरी सरकतात, काठ्या मधेच लोंबतात. एक स्की निसटली, ती धरायला गेली, पाय घसरला, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं. पण पुढच्या कॉलवर तिने सहज सांगावं तसं सांगितलं, "बाबा, आता स्की बंद. डोंगरावरून यायला काही वाटत नाही, पण तिथवर ते ओझं न्यायची भीती बसली आहे."

मामा चालायचे थांबले. मी तिथेच होतो म्हणून सांगतो, भर कॉलमध्ये ते थांबलेले मी पहिल्यांदा पाहिले. फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "मूठ नाही म्हणून माझ्या मुलीचं काही बंद पडायचं नाही, जावईबापू." आणि पुन्हा चालायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून वैजूला संदेश जाऊ लागले. स्कीची लांबी किती, टोकाशी रुंदी किती, मधे किती, जाडी किती, वजन किती, काठीचा व्यास वर किती आणि खाली किती. तिने तिकडे टेप घेऊन सगळी मापं पाठवली. तीही काही कमी खट्याळ नाही. शेवटच्या संदेशात "अजून माझ्या बुटांची नाडी राहिली आहे" असं लिहून तिने तिचंही माप दिलं. मामांनी सुताराकडून तशाच दोन फळ्या करून घेतल्या, त्यांना पुढून बाक दिला, काठ्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या. आमच्या पट्ट्यात बर्फ म्हणजे उसाच्या रसात पडतो तो. त्यामुळे एक गृहस्थ लोकरीची टोपी घालून, हातात फळ्या आणि नळ्या घेऊन भर उन्हाळ्यात सोसायटीला फेऱ्या मारतात, याचा अर्थ लोकांनी आपापल्या परीने लावला. तळमजल्यावरच्या काकूंनी मामींना हळूच विचारलं, "यांना कोणी उपाय सांगितलाय का?"

पहिलं मॉडेल लोखंडी होतं. ते फळ्या घट्ट धरायचं यात शंकाच नाही. त्याने ट्रकचा गिअरबॉक्सही धरला असता. फक्त ते फळ्यांपेक्षा जड होतं. मामींनी ते एका हाताने उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं, आता पोरगी घसरणार नाही. जागीच रुतेल." दुसरं प्लास्टिकच्या पाइपचं, ते हलकं होतं, पण चालताना वाकायचं. तिसरं मात्र जमलं. मधे ॲल्युमिनियमची दांडी, दोन टोकांना नायलॉनच्या दोन पकडी, एक खटका अंगठ्याने दाबला की दोन्ही स्की एकमेकींना चिकटून बसतात, काठ्या बाजूच्या आकड्यांत टकटक अडकतात, आणि नेमक्या तोलाच्या जागी मूठ. मिटलं की बॅगेत मावतं. हातमोजा घालून ते उघडता यायला हवं, म्हणून मामा वेल्डरचे चामड्याचे मोजे घालून जेवणाच्या टेबलाशी खटका उघडत-मिटत बसायचे. बसायचे म्हणजे उभे राहायचे. जानेवारीपासून दिवाळीपर्यंत त्या घरात खट-खट या आवाजाशिवाय दुसरं काही ऐकू आलं नाही.

बर्फात खटका गोठला तर काय, हा प्रश्न उरला होता. चाकणला गोठवलेल्या मटारचं एक मोठं कोल्ड स्टोरेज आहे. हिंजवडीत माझी महत्त्वाची मीटिंग असताना मामांनी मला बोलावून घेतलं, आणि फळ्या गाडीच्या खिडकीतून बाहेर काढून आम्ही तिथे पोहोचलो. मॅनेजर मामांच्या ओळखीचा होता, पण दारावरचा म्हातारबा गावातला, जुना माणूस. त्याने फळ्यांकडे बघून हात आडवा केला. "आवो, आत मटार हाय. फळ्या ठिवायला जागा न्हाई."

मामांनी त्याला स्कीपासून मनगटापर्यंत सगळं समजावलं. म्हातारबाने तंबाखू मळत ऐकून घेतलं.

"म्हंजे लेक लांब हाय."

"हो, लांब आहे."

"व्हय, मग जावा. पर दार वढून घ्या, मटार इतळतोय."

मामांनी खटक्यावर पाणी शिंपडलं, तो गोठेपर्यंत मटारच्या पोत्यांमधून फळ्या घेऊन वीस मिनिटं येरझाऱ्या घातल्या, आणि मिशीवर दव गोठलेल्या अवस्थेत, मोजा घातलेल्या अंगठ्याने खटका उघडून दाखवला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. पुढे आठवडाभर दोघेही शिंकत होतो, आणि सर्दीचं कारण ऑफिसात सांगता न आल्यामुळे मी ते सांगितलंच नाही.

वैजूला दिवाळीला सुट्टी मिळाली नाही. ती तुळशीचं लग्न झाल्यावर दोन आठवड्यांसाठी आली. शुक्रवारी दुपारी मुंबईहून तिचं विमान होतं. मामांना शेवटचा हात फिरवायचाच होता, त्यामुळे रोज उद्या दाखवतो, उद्या दाखवतो असं चाललं होतं. शेवटी बुधवारी संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघा नवरा-बायकोला मुद्दाम रावेतहून बोलावलं आणि दिवाणखान्याच्या मधोमध स्की उचलायचा तो कॅरियर ठेवला. फळ्या चढवल्या, काठ्या अडकवल्या. "घे," ते म्हणाले.

वैजूने उजवा हात पुढे केला, मूठ धरली, उचललं, आणि तीन पावलांवर ते तिच्या हातातून सुटलं. फळ्या धाडकन फरशीवर पडल्या. तिने लगेच डाव्या हाताने उचलून "असू दे, डाव्या हाताने नेईन, मस्त झालंय" असं भरभर बोलून टाकलं. मामांनी कॅरियरकडे पाहिलंच नाही. ते तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "हात मिट बघू."

तिने हात मिटला. बोटं तळव्यापर्यंत पोहोचतच नव्हती. मधे सुपारी राहील एवढी फट होती. मनगट जुळलं होतं, पण बोटं आखडली होती ती तशीच. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कॉलवर तो हात कधी दाखवला नव्हता, आणि दोन आठवडे घरात चहाचा कपसुद्धा ती डाव्या हाताने घेत होती, हे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मामा तर तेरा दिवस खटक्यावर शेवटचा हात फिरवत होते. बारीक मूठ तिला धरवतच नव्हती.

मामा आत गेले आणि एक पिवळा पडलेला आलेख कागद घेऊन आले. त्यावर पेन्सिलीने गिरवलेला हात होता. वैजू बारावीत बॅडमिंटन खेळायची, तेव्हा रॅकेटची मूठ करायला घेतलेलं तिच्या पंजाचं माप. कोपऱ्यात तक्ता, रिव्हिजन शून्य. स्कीची सगळी मापं परदेशातून मागवणाऱ्या माणसाने हाताचं माप विचारलं नव्हतं, कारण ते घरात होतं. त्यांनी कागदावरचं ते भंगाराचं वजन उचललं, हातात फिरवलं आणि परत ठेवलं.

"जुन्या रिव्हिजनवर काम झालं," ते म्हणाले.

वैजू म्हणाली, "बाबा, नाही सांगितलं मी, चूक माझी आहे." मामांनी मान हलवली. "ड्रॉइंग मागवणं हे बनवणाऱ्याचं काम असतं," एवढंच बोलून ते कपाटातून नळाची गळती बंद करायची पुट्टी घेऊन आले. तिचा एक गोळा मळला, तिच्या हातात दिला, आणि तो घट्ट होईपर्यंत तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून उभे राहिले. बापलेकींना असं हात धरून उभं राहिलेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. पुट्टी वाळायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा जरा जास्तच वेळ लागला.

दुसरा दिवस गुरुवार. आमच्या औद्योगिक पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. त्या दिवशी सगळी शटर खाली असतात. नायलॉनचा रॉड मिळेना, लाकडाची वखार बंद. मामींनी सकाळचा हा सगळा धुमाकूळ स्वयंपाकघरातून ऐकला आणि बाहेर येऊन शिसवीचं जाड लाटणं टेबलावर ठेवलं. "माझ्याकडे दुसरं आहे. ही पोरगी लाटणं धरायला कधी शिकली नाही, आता धरेल." जाडी बरोबर होती. पण ते कॅरियरच्या मुठीवर बसवायचं तर आरपार भोक पाडायला लेथ हवा होता, आणि मामांचा ठरलेला लेथवाला, लातूरकडचा, ज्याला मामा 'उस्ताद' म्हणतात, तो मोशीला पुतण्याच्या लग्नात होता. अर्थात लग्नं आमच्याकडे गुरुवारीच असतात. मी गाडी काढली. मामा हातात लाटणं घेऊन मंगल कार्यालयात शिरले, तेव्हा वरपक्षाच्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

उस्ताद फेटा बांधून मांडवात उभे होते. मामांनी त्यांच्या कानाशी लागून सगळं सांगितलं आणि वाळलेली पुट्टी दाखवली. उस्तादांनी ती उलटीसुलटी केली, बोटांच्या खळग्यांत आपली बोटं घालून पाहिली.

"ताईचा हात हाय का हा?"

"हो. उद्या सकाळी निघते ती."

"मग बुंदी खात बसू काय मी इथं? अक्षदा तेवढ्या पडू द्या, मामा. निघूच की लगेच."

मंगलाष्टकांच्या प्रत्येक 'सावधान'ला मामा एकेक पाऊल दाराकडे सरकत होते. अक्षता पडल्या आणि आम्ही तिघे बाहेर पडलो. भोसरीतलं शटर अर्धंच वर करून उस्तादांनी फेटा न उतरवताच लाटणं लेथवर चढवलं, लांबी कापली, भोक पाडलं आणि तसेच जेवायला मांडवात परतले. बोटांचे खळगे मात्र मामांनी स्वतः कानशीने काढले. घरी गॅलरीत बसून, म्हणजे खरोखर बसून, दुपारभर. पुट्टी डाव्या हातात, मूठ मांडीत. संध्याकाळी वैजूने उचललं. दिवाणखान्यातून गॅलरीत गेली, परत आली, पुन्हा गेली. फळ्या हलल्या नाहीत. मग ती एकदम म्हणाली, "बाबा, पुढचं माप घ्यायला तुम्हीच या तिकडे." मामा म्हणाले, "सोळा तास एका खुर्चीत कोण बसणार?" आणि फळ्या उतरवायला लागले.

पुढच्या आठवड्यात रविवारी मी सहज चिंचवडला गेलो. वैजूचा फोटो आला होता. पांढरं मैदान, लाल मोजा, मोज्यात शिसवीची मूठ, खाली स्की आणि काठ्या. मामींनी तो मला दोनदा दाखवला. मामा आत टेबलाशी होते. समोर नवा आलेख कागद, त्यावर आखडलेल्या बोटांचा हात, जसा आहे तसा गिरवलेला. तक्त्यात रिव्हिजन एक, तारीख, आणि 'बदलाचं कारण' या रकान्यात त्यांच्या रेखीव अक्षरात लिहिलेलं होतं: 'हात प्रत्यक्ष पाहिला.'

मी म्हटलं, "मामा, चला, स्टेशनपर्यंत चक्कर मारून येऊ." ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." त्यांच्या मुठीत तो पुट्टीचा गोळा होता, वैजूच्या बोटांच्या खळग्यांत त्यांची बोटं ठेवलेली. मामींनी चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली तरी ते खुर्चीतून उठले नाहीत. मग मीही कुठे गेलो नाही, समोरच्या खुर्चीत बसून राहिलो.